शिलाई यंत्रावर उमलणारा निसर्ग

बनारसी शालू महाराष्ट्रातील लग्नघरांना अनेक पिढ्यांपासून परिचित आहे. शालू नेसलेल्या वधूच्या अंगावर एक उपवनच असते, हे मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. काठावरून धावणारी वेल, पदरावरची कोयरी आणि अंगभर विखुरलेले बुट्टे ही सारी निसर्गाचीच रूपे होत. वाराणसीच्या विणकरांनी तर संपूर्ण वस्त्र वेलींनी व्यापणाऱ्या नक्षीला ‘जंगला’ आणि पशुपक्ष्यांनी गजबजलेल्या नक्षीला ‘शिकारगाह’ अशी अर्थपूर्ण नावे दिली आहेत.

मागावरचा हा निसर्ग शिस्तबद्ध असतो. पूर्वी नक्षी दोऱ्यांनी बांधून ठेवत, पुढे जॅकार्डची छिद्रांकित पुठ्ठेमाळ आली. दोहोंमध्ये एकदा बसवलेले फूल ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमलते. ही पुनरावृत्ती विणकामाचे वैभव आहे. परंतु त्याच वाराणसीच्या घाटावरून दिसणारा निसर्ग स्वतःची पुनरावृत्ती कधीच करीत नाही. समोरच्या वाळूच्या तीरामागून उगवणारा सूर्य, हिवाळ्यात होड्यांभोवती घिरट्या घालणारे कुरव पक्षी, पावसाळ्यात एकेक पायरी गिळत वर चढणारी गंगा यांचे रूप रोज निराळे असते. असे क्षण कापडावर उतरवायचे तर मुक्तहस्त यंत्रभरतकाम हा एक उत्तम मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारे मुख्य साधन आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ते म्हणजे साधे शिलाई यंत्र! ही कल्पना नवीन नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच सिंगर कंपनीने घरगुती यंत्रावर कलात्मक भरतकाम कसे करावे, याचे मार्गदर्शन करणारे पुस्तक काढले होते.

दाते खाली, हात मोकळे

नेहमीच्या शिलाईत सुईखालचे दाते कापड सरळ पुढे सरकवतात. भरतकामासाठी हे दाते खाली उतरवावे लागतात. तशी सोय नसलेल्या यंत्रात त्यांवर झाकणपट्टी बसवतात. त्यानंतर कापड पुढे, मागे वा गोलाकार फिरवणे सर्वस्वी आपल्या हाती येते. चित्र काढताना कागद स्थिर असतो आणि पेन्सिल फिरते. येथे उलट आहे. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड फिरवावे लागते.

कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताठ बसवावे. हातभरतकामात रिंगमधील कापड वरच्या अंगाला असते. येथे ते यंत्राच्या पाट्याला टेकेल असे खालच्या अंगाला हवे. पातळ कापडामागे बकरमचा आधार द्यावा, म्हणजे चुण्या पडत नाहीत. नेहमीचा दाबपाय काढून टाकावा किंवा त्याजागी रफूचा पाय लावावा. दाबपाय काढला तरी त्याचा दांडा खाली करण्यास विसरू नये. तो वर राहिल्यास दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली गुंता होतो. पहिल्या टाक्याला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा, दोन्ही टोके धरून तीन-चार टाके जागीच घालावेत आणि मगच रेघ सुरू करावी. बोटे रिंगच्या कडेवर, सुईपासून दूर असावीत.

आता मर्म आहे ते गतीच्या मेळात. यंत्र बऱ्यापैकी वेगाने आणि एकसारखे चालावे, हात संथ फिरावेत. हातांनी घाई केली तर टाके लांबतात, सुई वाकते वा तुटते. हात रेंगाळले तर दोरा एकाच जागी साचतो. निरुपयोगी कापडावर काही दिवस आपले नाव लिहिण्याचा सराव केला तरी हा मेळ साधू लागतो.

दोऱ्याची दिशा, पाण्याचा प्रकाश

रेशमी झळाळीचा दोरा दिशेनुसार प्रकाश परावर्तित करतो. त्यामुळे एकाच रंगाच्या दोऱ्यातूनही छाया आणि उजेड दाखवता येतो. संथ पाण्यासाठी आडवे, खोडाच्या सालीसाठी उभे आणि पानासाठी मधल्या शिरेपासून कडेकडे तिरके टाके घालावेत. दूरचा तीर फिकट व विरळ, जवळची होडी गडद व दाट ठेवली की चित्राला खोली येते. पहाटेच्या धुक्यासाठी पातळ जाळीचे कापड अंथरून त्यावर टाके घालता येतात. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवला की बॉबिनचा दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर येतो. शिवणकामात हा दोष मानतात, परंतु नदीकाठची वाळू दाखवण्यास याहून सोपा उपाय नाही. प्रत्येक पान भरण्याचा मोह मात्र टाळावा. मोकळे सोडलेले कापडही आकाशाचे काम करते.

श्रमांचा हिशेब

छंदाचे रूपांतर व्यवसायात करू इच्छिणाऱ्या अनेक भगिनी किंमत ठरवताना केवळ दोरा आणि कापड मोजतात व स्वतःचे तास सोडून देतात. समजा, एका चित्रास 400 रुपयांचे साहित्य आणि 30 तास लागले. तासाला केवळ 60 रुपये धरले तरी श्रमांचे मूल्य 1,800 रुपये होते. चौकट, वीज, यंत्राची झीज यांचे 300 रुपये मिळवता खर्चच 2,500 रुपयांवर जातो. हेच चित्र 800 रुपयांना विकले, तर विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढेल. संगणकावर चालणारे भरतकाम यंत्र एकच नमुना हजार वेळा काढू शकते. किमतीत त्याच्याशी स्पर्धा करणे व्यर्थ आहे. आपले बळ पुन्हा तसेच न होणाऱ्या कामात आहे.

या स्पर्धेची झळ वाराणसीने सोसली आहे. यंत्रमागावरील स्वस्त नकलांनी हातमाग विणकरांची मजुरी खाल्ली. ‘बनारस ब्रोकेड व साड्या’ यांना 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अस्सल मालाची ओळख जपण्याचाच हेतू होता. आपणही ग्राहकाला ‘यंत्रावर मुक्तहस्ताने केलेले काम’ असेच स्पष्ट सांगावे. ते हातभरतकाम म्हणून वा बनारसी म्हणून खपवू नये. खरी ओळख सांगण्यात कमीपणा नाही, उलट योग्य मोल मागण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो.

काशीयात्रेस जाणाऱ्या वाचकांनी काशी हिंदू विश्वविद्यालयातील भारत कला भवन आणि बडा लालपूर येथे 2017 मध्ये सुरू झालेले दीनदयाळ हस्तकला संकुल अवश्य पाहावे. तेथील वेली पाहताना विणकराने निसर्गातून काय घेतले आणि काय गाळले, याकडे लक्ष द्यावे. ही निवड साधली की आपल्या अंगणातील शेवग्याची एखादी फांदीसुद्धा पहिल्या चित्राला पुरेशी आहे.