दोन बोलपट आणि आपलें मत

पेण आणि रोहा या भागांकडील विद्यार्थ्यांच्या तोंडीं चित्रपटाविषयीं आम्हांस दोनच शब्द ऐकूं येतात. एक ‘भारी’ आणि दुसरा ‘बोअर’. पेणेस गाडींत बसलेला विद्यार्थी नागोठणें येण्यापूर्वींच एका चित्रपटाचा निकाल लावून मोकळा होतो, आणि रोहा स्टेशन दिसूं लागतें तोंच दुसऱ्याचा. इतक्या त्वरेनें न्याय होऊं लागला, तर अलिबागच्या कोर्टांतील सारे दावे एका पावसाळ्यांत संपतील. आवडलें किंवा नावडलें असें म्हणण्यांत कांहीं दोष नाहीं. परंतु तो मताचा केवळ आरंभ होय. त्यापुढें ‘कां?’ हा प्रश्न उभा राहिला म्हणजे मत बनूं लागतें. तें कसें बनतें, हें दोन परिचित मराठी चित्रपट घेऊन सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला श्री. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३), आणि दुसरा श्री. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०). एक आमच्या विद्यार्थ्यांच्या जन्मापूर्वींचा, दुसरा त्यांच्या पाळण्यांतला. तरी घरच्या पडद्यावर पुनः पुनः दिसत असल्यानें दोन्ही त्यांच्या ओळखीचे आहेत.

भयपटांची एक पोटजात आहे. तीस ‘स्लॅशर’ म्हणतात. शस्त्रधारी खुनी, बहुधा मुखवटा घातलेला, एकेका पात्रास एकटें गांठतो, आणि प्रेक्षक ‘आतां कोण?’ एवढेंच मोजीत बसतो. १९७८ सालचा जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ हा या जातीचा प्रसिद्ध नमुना. त्यांतील ज्या मुखवट्यानें जगभर लोक दचकले, तो दुकानांत मिळणारा, दूरचित्रवाणीवरील एका मालिकेंतल्या कप्तानाच्या चेहऱ्याचा मुखवटा होता. त्यास पांढरा रंग फांसला, इतकेंच. पेणच्या मुलांस याचें नवल वाटूं नये. मूर्तीच्या कारखान्यांत साच्यांतून निघालेला आकार रंग चढला तरी मुकाच असतो. कारागीर डोळ्यांची आखणी करतो, आणि तो आकार आपल्याकडे पाहूं लागतो. ‘झपाटलेला’ मधील बाहुलाहि असाच पाहूं लागतो. तो श्री. रामदास पाध्ये यांनीं घडविला. मरतांना आपला आत्मा त्यांत घालणाऱ्या तात्या विंचू या गुंडाची भूमिका श्री. दिलीप प्रभावळकर यांनीं केली, आणि मूळ कल्पना १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटावरून आली.

भीति डोळ्यांपेक्षां कानांनीं अधिक शिरते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या चित्रपटांत स्नानगृहांतील खुनाचा प्रसंग आहे. पडद्यावर तो सुमारें पाऊण मिनिटाचा. चित्रण करावयास सात दिवस लागले. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळें रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. हिचकॉक यांस तो प्रसंग संगीतावांचूनच ठेवावयाचा होता. परंतु बर्नार्ड हरमन यांनीं व्हायोलिनांचा किंचाळणारा स्वर त्यास जोडला, आणि आज लोकांच्या स्मरणांत राहिला आहे तो मुख्यत्वें तो स्वरच. (हे दोन्ही परदेशी चित्रपट लहान मुलांनीं पाहावेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं, त्यांची घडण समजावी, म्हणून त्यांचीं नांवें घेतलीं.)

असें असलें तरी ‘झपाटलेला’ मधील खरी भीति बाहुल्याच्या सुरीची नव्हे. कै. लक्ष्मीकांत बेर्डे यांनीं रंगविलेला लक्ष्या खरें तेंच सांगत असतो, आणि त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. भीति आहे ती येथें. खोटें बोलल्याचा आळ आलेल्या प्रत्येक मुलास ती ओळखीची वाटेल. आपण लक्ष्यास हंसतों, त्याच्यावर लोभ करतों, आणि म्हणूनच त्याच्यासाठीं घाबरतों. निव्वळ ‘स्लॅशर’ जातीचे पुष्कळ चित्रपट येथेंच कमी पडतात असें आम्हांस वाटतें. त्यांतील पात्रांस नांवें असतात, पण तीं मरेपर्यंत आपली त्यांच्याशीं ओळख होत नाहीं. माणसें आंकडे होतात. आणि मरणाऱ्यांचे आंकडे मोजण्याची करमणूक मनास लागणें, हें आम्हांस रक्त दिसण्यापेक्षां अधिक काळजीचें वाटतें.

आतां दुसऱ्या चित्रपटाकडे वळूं, आणि नेमकी उलट गोष्ट पाहूं. मुंबईची एक मुलगी स्थळास नकार देण्यासाठीं पुण्यास येते. वाटेंत एक अनोळखी तरुण भेटतो, आणि दिवसभर दोघें शहर पायांखालीं घालतात. श्रीमती मुक्ता बर्वे व श्री. स्वप्नील जोशी यांच्या या दोन पात्रांचीं नांवें त्या चित्रपटांत सांगितलेलींच नाहींत! तरीहि संध्याकाळ होईतों आपण त्यांस जुन्या शेजाऱ्यांप्रमाणें ओळखूं लागतों. येरुशलेमाहून यरीहोस जातांना लुटारूंच्या हातीं सांपडलेल्या मनुष्याचेंहि नांव शुभवर्तमानांत दिलेलें नाहीं. त्यावांचून त्याची ओळख अडली आहे काय?

मुलगे या चित्रपटास ‘नुसतें बोलणें’ म्हणून नाक मुरडतात. आम्हांस त्यांतील बोलणेंच मोलाचें वाटतें. मुंबई थोर कीं पुणें, या पोकळ वादाआडून दोघें एकमेकांचे स्वभाव चांचपीत असतात. परंतु एका विद्यार्थिनीनें जो आक्षेप घेतला, तो त्याहून वजनदार होता. शेवट ठाऊक नसलेल्यांची क्षमा मागून तो सांगतों. जो मुलगा तिला नाकारावयाचा असतो, तो हाच तरुण. आणि हें तो अगदीं अखेरपर्यंत तिच्यापासून लपवितो. “सर, याला प्रेम म्हणावें कीं फसवणूक?” असें तिनें विचारलें. तो नांव सांगता तर ती त्याच्याशीं दोन शब्दहि मोकळेपणें बोलली नसती, हें खरें. पण तिनें ज्याच्याजवळ मन उघडें केलें तो कोण, हें जाणण्याचा हक्क तिचाच होता, हेंहि तितकेंच खरें. आम्ही त्या मुलीच्या बाजूस अधिक झुकतों. चित्रपट आम्हांस आवडला, आणि त्यांतील ही एक गोष्ट आवडली नाहीं. दोन्ही एकाच वेळीं म्हणतां येतें. मराठींतील जुना ‘ब्रह्मचारी’ (१९३८) पाहा. आचार्य अत्रे यांची कथा, मास्टर विनायक यांचें दिग्दर्शन. तेथें ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या तरुणास जिंकण्याचा विडा नायिकाच उचलते. प्रणयविनोदांत थोडी लबाडी जुनीच आहे. ती कोणाच्या पदरीं पडते, तें पाहावें.

पालकवर्गासाठीं दोन शब्द. १९५२ च्या चित्रपट कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती झाली, आणि पालकांच्या देखरेखीखालीं पाहावयाच्या ‘यूए’ वर्गाचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग पडले. ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठीं. घरीं इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांसहि २०२१ पासून अशाच खुणा असतात. थिएटरच्या दारांतील मनुष्य मुलास अडवूं शकतो. उशीखालच्या फोनापाशीं द्वारपाल नसतो, आणि थोरला भाऊ पाहत असतां धाकटा पांघरुणाच्या फटींतून पाहतच असतो. तात्या विंचूनें त्याची झोप उडविली असेल, तर “तें सारें खोटें” एवढें म्हणून दिवा मालवूं नये. दुसऱ्या दिवशीं भर उजेडांत, त्याची तयारी असल्यास, त्यास जवळ घेऊन, आवाज अगदीं बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहावा. आणि बाहुल्याचें तोंड हलविणारा हात कोठें लपला असेल, तें त्यालाच शोधूं द्यावें.