परत मिळेल तोच बॅकअप

जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे साठवतात, त्या गिटलॅब डॉट कॉमवर 31 जानेवारी 2017 च्या रात्री एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे 300 जीबीचा चालू डेटाबेस पुसला गेला. अशा प्रसंगासाठी कंपनीकडे एक-दोन नव्हे, पाच निरनिराळ्या सोयी होत्या. त्यांतली एकही ऐन वेळी भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने कित्येक दिवस मुकाट्याने बंद पडत होता. ते कळवणाऱ्या ईमेल पाठवल्या जात होत्या, पण मेल-व्यवस्था त्या नाकारत होती. शेवटी कामी आली ती एका अभियंत्याने दुसऱ्याच कारणासाठी सहा तास आधी घेतलेली प्रत. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येते. बॅकअप घेण्याची तजवीज असणे आणि डेटा परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅकअपचे साधन निवडताना, बसवताना आणि त्याच्या सेटिंग्ज ठरवताना विचार दुसऱ्या टोकापासून, म्हणजे परतीच्या वाटेपासून, सुरू करायला हवा.

डुप्लिकाटी हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन उदाहरणादाखल घेऊ. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. बसवायला विशेष काही लागत नाही. नेहमीच्या प्रोग्रामसारखेच ते बसते. फरक इतकाच, की त्याची स्वतंत्र खिडकी उघडत नाही. ते संगणकावर पडद्याआड एक छोटा वेब सर्व्हर चालवते आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 8200 हा पत्ता टाकला की त्याचे पान दिसते. ‘वेब’ म्हटले की माहिती इंटरनेटवर उघडी पडली अशी शंका येते. मूळ रचनेत तसे होत नाही, कारण हे पान फक्त त्याच संगणकावरून उघडते. दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून ते पाहण्यासाठी ही अट सैल केली, की मात्र शंका रास्त ठरते. तेव्हा भक्कम पासवर्ड हवा आणि घरच्या राउटरमधून 8200 हा पोर्ट बाहेरच्या जगाला खुला करण्याचा मोह टाळायला हवा. एवढी काळजी घेतली तर वेबपानाचा फायदा असा, की कार्यालयाच्या कोपऱ्यात मॉनिटरशिवाय ठेवलेल्या यंत्रावरही शेवटचा बॅकअप कधी झाला, किती झाला आणि कुठे अडला हे पाहता येते. गिटलॅबला नेमके हेच वेळेत दिसले नव्हते.

नवा बॅकअप तयार करताना डुप्लिकाटी पाच टप्प्यांतून नेते: नाव आणि कुलूप, ठिकाण, कोणत्या फायली, वेळापत्रक आणि उरलेले पर्याय. पहिल्याच टप्प्यावर परतीचा प्रश्न उभा राहतो. येथे एईएस-256 पद्धतीने फायली कुलूपबंद करण्यासाठी पासफ्रेज मागितली जाते. ती हरवली तर बॅकअप कोणालाही उघडता येत नाही, साधन बनवणाऱ्यांनाही नाही. म्हणून काही जण कुलूपच नको म्हणतात. बॅकअप स्वतःच्या तिजोरीतल्या डिस्कवर जाणार असेल तर ते एक वेळ चालेल. परक्याच्या सर्व्हरवर जाणार असेल तर खासगी कागदपत्रे उघडी ठेवणे शहाणपणाचे नाही. पासफ्रेज कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवणे हा जुनाट वाटणारा उपाय येथे सर्वांत चांगला. ठिकाणाचेही तसेच. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा प्रचलित नियम अशाच प्रसंगांसाठी आहे. त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप चोरी, आग किंवा पाणी यांपुढे टिकत नाही.

उरलेल्या टप्प्यांतली दोन सेटिंग्ज घाईत सुटतात. पहिले, चालू असलेल्या फायली. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्राम उघडा असताना त्याच्या फायली उचलल्या तर अर्धवट लिहिलेली स्थिती नकलेत जाऊ शकते. विंडोजमध्ये त्या क्षणाचे स्थिरचित्र घेऊन त्यावरून नक्कल करण्याची सोय आहे, पण डुप्लिकाटीला त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. नाहीतर कार्यालय बंद झाल्यानंतरची वेळ निवडावी. दुसरे, जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या. ‘स्मार्ट’ पर्याय निवडला तर गेल्या सात दिवसांची रोज एक, चार आठवड्यांची आठवड्याला एक आणि बारा महिन्यांची महिन्याला एक अशा प्रती राहतात. प्रत्येक वेळी सगळे नव्याने न पाठवता फक्त बदललेले तुकडे पाठवले जात असल्याने जागा आटोक्यात राहते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: फोनमधले फोटो आणि संगणकातले फोल्डर क्लाउडवर आपोआप जातातच, मग हा उपद्व्याप कशाला? पण ही आपोआप जाण्याची सोय म्हणजे सिंक, आणि सिंकचे काम दोन्हीकडची स्थिती सारखी ठेवणे हे आहे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने फायली बिघडवल्या की बिघडलेल्या फायली इमानेइतबारे वर चढतात. कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या मिळतात, पण ठरावीक मुदतीपुरत्या. सहा महिन्यांपूर्वी बिघडलेली फाइल आज लक्षात आली तर त्यांचा उपयोग नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाहेरच्या डिस्कवर साधी कॉपी केली तर ती कुठल्याही संगणकावर उघडते. डुप्लिकाटीचे तुकडे मात्र डुप्लिकाटीशिवाय सहज उलगडत नाहीत. शिवाय डुप्लिकाटीची दुसरी आवृत्ती अनेक वर्षे ‘बीटा’ म्हणूनच वापरली जात होती. हे खरे आहे, आणि म्हणूनच न बदलणाऱ्या फोटोंची एक साधी कॉपी वेगळी ठेवणे केव्हाही इष्ट. पण साधी कॉपी माणसाच्या आठवणीवर चालते आणि कालची फाइल आजच्या फाइलने झाकून टाकते. रोज बदलणाऱ्या कामाला ती पुरत नाही.

या आक्षेपाचे पुरते निरसन साधनाची तारीफ करून होणार नाही, परत आणून पाहूनच होईल. बॅकअप संपल्यावर डुप्लिकाटी साठवलेल्या फायलींतला एक नमुना आपणहून तपासते, पण तो नमुनाच. खरी चाचणी दुसऱ्या संगणकावर करावी, कारण त्याच यंत्रावर केली तर तिथे आधीच असलेल्या फायली, सेटिंग्ज आणि साठवलेले पासवर्ड नकळत मदतीला येतात. दुसऱ्या यंत्रावर डुप्लिकाटी बसवून ‘थेट बॅकअप फायलींतून’ हा पर्याय घेतला, की हाती फक्त ठिकाणाचा पत्ता, त्याचा पासवर्ड आणि पासफ्रेज उरते. संगणक चोरीला गेल्यावर आपल्याकडे एवढेच असणार. शिवाय केवळ अपयश कळवणाऱ्या ईमेलवर विसंबू नये. यशाचीही ईमेल मागवावी, म्हणजे ती आली नाही हेच इशाऱ्याचे कारण ठरते. दर तीन महिन्यांनी एखादे फोल्डर असे परत आणून, उघडून, आतले आकडे ताडून पाहायला फारसा वेळ लागत नाही. तोपर्यंत साधन बसवले आहे एवढेच म्हणता येईल. बॅकअप आहे असे म्हणता येणार नाही.