‘माय फादर इज हॉस्पिटल’ : ‘इज’नंतर इन, ऑन, ॲट का लागतात?



मागच्या वर्षी मी चौथीच्या वह्या तपासत होते. ‘माय फॅमिली’वर पाच वाक्यं लिहायची होती. एका मुलीनं लिहिलं होतं, “माय फादर इज हॉस्पिटल.” मी लाल पेननं मध्ये ‘इन’ घातलं, खाली सही केली आणि पुढची वही घेतली. आठ दिवसांनी तिची आजी शाळेत आली तेव्हा कळलं, वडील खरंच ॲडमिट होते. पोरीनं मला सांगितलं होतं, आणि मी फक्त चूक दुरुस्त केली होती.

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहिते.

आधी ही चूक होते कशी ते बघू. मुलीच्या मनात वाक्य होतं, ‘पप्पा दवाखान्यात आहेत.’ तिच्या दृष्टीनं ‘दवाखान्यात’ हा एकच शब्द. त्यातला ‘त’ वेगळा आहे हे तिला जाणवतच नाही, कारण बोलताना तो कधी सुटा येत नाही. मग एका शब्दाला एक शब्द : दवाखान्यात म्हणजे हॉस्पिटल. ‘त’ वाटेत गळाला. जी मुलं थोडी पुढची असतात ती ‘इन’ आठवून घालतात, पण मराठीच्या सवयीनं मागे घालतात. “बुक इज टेबल ऑन” असं तुमच्याही वर्गात कुणीतरी लिहिलं असेलच.

आपल्या सोलापुरात तर हे जास्तच. माझ्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही घरांतली मुलं आहेत. ‘घरात’ला तेलुगूत ‘इंट्लो’, कन्नडमध्ये ‘मनेयल्लि’, उर्दूत ‘घर में’. चारही भाषांत ‘आत’ दाखवणारा भाग नामाच्या मागे येतो. इंग्रजीत तो पुढे येतो आणि सुटा येतो : ‘इन द हाउस’. म्हणजे मूल कुठल्याही घरातून आलेलं असो, त्याला उलटं चालायला शिकायचं आहे. त्यात तेलुगू आणि कन्नड घरातली मुलं कधीकधी ‘इज’च खातात, “ही माय ब्रदर” म्हणतात. त्यांना रागवू नका. ‘तो माझा भाऊ’ असं सांगताना त्यांच्या भाषेत क्रियापद लागतच नाही. मराठीतही आपण ‘आहे’ सोडून देतोच की.

आता ‘इज’चं काम काय? ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांना अशा वाक्यांत लिंकिंग व्हर्ब म्हणतात, म्हणजे जोडणारं क्रियापद. मी मुलांना रेल्वेच्या डब्यांमधली साखळी सांगते. साखळीच्या अलीकडे कर्ता, पलीकडे त्याच्याबद्दलची माहिती. पलीकडच्या डब्यात नाम बसू शकतं : “माय फादर इज अ ड्रायव्हर.” विशेषण बसू शकतं : “माय फादर इज टायर्ड.” आणि तिसरं, इन-ऑन-ॲटपासून सुरू होणारा शब्दसमूह, म्हणजे प्रीपोझिशनल फ्रेज : “माय फादर इज ॲट वर्क.” ‘इन’ गाळलं की तिसऱ्या जातीचं वाक्य पहिल्या जातीत जाऊन बसतं. नाम आलं की कर्ता तेच झाला! ‘पप्पा ड्रायव्हर आहेत’ तसं ‘पप्पा दवाखाना आहेत’. वर्गात हे सांगितलं की पोरं खोखो हसतात, आणि नंतर ‘इन’ विसरत नाहीत.

इथपर्यंत आपण सगळेच शिकवतो. डी.एड.ला असताना टेबल, डस्टर आणि खोक्याचं पाठ टाचण मीही घेतलंय. ऑन द टेबल, अंडर द टेबल, इन द बॉक्स. अडचण ही की आपण तिथेच थांबतो. मुलाला वाटतं, या फ्रेजा म्हणजे वस्तू कुठे आहे ते सांगायला. इंग्रजी मात्र त्याच साच्यात माणसाची अवस्थाही सांगते : इन अ हरी, इन ट्रबल, इन अ गुड मूड, ऑन लीव्ह, ऑन ड्युटी, आउट ऑफ डेंजर, आउट ऑफ ऑर्डर.

आणि इथे मराठी मूल पुन्हा अडकतं, कारण मराठीत आपण म्हणतो, ‘मला घाई आहे’. या वाक्यात कर्ता ‘घाई’ आहे, ‘मी’ नाहीच. इंग्रजीत मात्र माणूस पुढे येतो आणि घाईच्या आत जाऊन बसतो : “आय ॲम इन अ हरी.” पाठ करून घेतलं तर चार दिवस टिकतं. मला सापडलेला उपाय आपल्याच भाषेतला आहे. कुणी विचारलं, ‘कसं चाललंय?’ तर आपण म्हणतो, ‘मजेत’. ‘आई गडबडीत आहे’, ‘मामा अडचणीत आहे’, ‘सर आज रागात आहेत’. घरात, शाळेत, दवाखान्यात याला जो ‘त’ तोच मजेत, गडबडीत, रागात याला! म्हणजे अवस्थेला जागा समजणं मराठीतही आहे, आपलं लक्ष नसतं इतकंच. आधी फळ्यावर अशी मराठी वाक्यं मुलांकडून काढून घ्या. माझ्या वर्गात पंधरा-वीस मिनिटांत फळा भरला होता. एकानं तर ‘आज्जी लई टेन्शनमध्ये हाय’ असं दिलं. तेही चालतं. मग ‘इन’ दाखवा.

फक्त सगळं असं शब्दाला शब्द जुळत नाही हे स्वतःच्या ध्यानात ठेवा. ‘मी मजेत आहे’ला “आय ॲम फाइन” म्हणतात, तिथे फ्रेज नाही, विशेषण आलं. ‘मला ताप आहे’ला तर ‘इज’ सोडून “आय हॅव अ फीवर” म्हणावं लागतं.

जागा कुठली आणि अवस्था कुठली हे ओळखायची एक युक्ती आहे. ‘इज’च्या जागी ‘सीम्स’, म्हणजे ‘वाटते’, घालून बघा. “शी सीम्स इन अ हरी” चालतं. “शी सीम्स इन द किचन” चालत नाही, कारण स्वयंपाकघरात असणं हे दिसण्या-वाटण्यासारखं नाही. अवस्थेची फ्रेज विशेषणाच्या जोडीलाही बसते : “शी इज टायर्ड अँड इन अ बॅड मूड.” हे चौथीच्या मुलांसाठी नाही, आपल्यासाठी. आपल्याला पक्कं माहीत असलं की मुलांच्या शंकेला उत्तर देताना चाचपडावं लागत नाही.

उदाहरणं मात्र गावचीच घ्या. “सिद्धेश्वर टेंपल इज इन द मिडल ऑफ द लेक.” मुलांनी तळं पाहिलेलं असतं, चित्र लागत नाही. “पंढरपूर इज ऑन द भीमा” म्हटल्यावर एक पोरगा म्हणाला, “बाई, पाण्यावर कसं?” छान शंका आहे. नदीकाठच्या गावाला इंग्रजी ‘ऑन’ लावते, आपण ‘भीमेच्या काठी’ म्हणतो. इथे कारण शोधत बसू नये, वापरून अंगवळणी पडू द्यावं. स्टेशनवरची गाडी घ्या : “द ट्रेन इज ऑन टाइम” म्हणजे गाडी वेळापत्रकाप्रमाणे आहे. “वी आर इन टाइम” म्हणजे आपण गाडी सुटायच्या आत पोचलो. दोन्ही मराठीत ‘वेळेवर’च.

असाच फरक हॉस्पिटलचा. आपण पुस्तकातून शिकतो त्या ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत “ही इज इन हॉस्पिटल” म्हणजे तो पेशंट म्हणून दाखल आहे. “ही इज ॲट द हॉस्पिटल” म्हणजे तो तिथे आहे, कामाला असेल, कुणाला बघायला गेला असेल. मराठीतला ‘दवाखान्यात’ हे दोन्ही पोटात घेतो. म्हणजे त्या वहीत मी न विचारता घातलेला ‘इन’ बरोबर निघाला, तो योगायोगानं. तिला नुसतं विचारायला हवं होतं, “पप्पा तिथं कामाला आहेत का गं?”

आता मी वही तपासताना अशा वाक्यावर थांबते, आणि इन घालायचं की ॲट हे मुलालाच विचारते. पालकांनीही घरी एवढं करून बघा. संध्याकाळी जेवताना ‘व्हेअर इज ताई?’, ‘व्हेअर इज आजोबा?’ विचारा. ‘ॲट द क्लास’, ‘ऑन द टेरेस’, ‘इन द टेंपल’ अशी तुकड्यांत उत्तरं आली तरी चालतील. पूर्ण वाक्याचा आग्रह धरू नका. फ्रेज अख्खी तोंडात बसली की ‘इज’ जोडायला वेळ लागत नाही.