चौदाव्या प्रकरणानंतरची क्रियापदं

माझ्या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात नायक अरिंजयचा डावा पाय गुडघ्याखाली कापला जातो. पंधराव्यात नायिकेची, शलाकेची हाक ऐकून तो ताडकन उठतो. हे वाक्य मी लिहिलं, दोनदा तपासलं, मला काहीच खटकलं नाही. खटकलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला. इंदूरच्या विजय नगरात, स्कीम चौपन्नमध्ये आमची इमारत आहे. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्याचा पाय गेला, अगदी अरिंजयसारखाच, गुडघ्याखाली. ‘ताडकन’भोवती पेन्सिलीनं गोल काढून त्यानं मला विचारलं, “काकू, हा कशावर उठला?”

त्यानंतर आमचे चार रविवार ठरूनच गेले. पोहे-जलेबी झाली की गॅलरीत टेबलावर छापील पानं पसरायची आणि चौदाव्या प्रकरणापुढची क्रियापदं एकेक करून तपासायची. वळला, झेपावला, मागे सरला, गुडघ्यावर बसला, तिला उचलून घेतलं. पाय गेल्याचं एक पान मी जीव ओतून लिहिलं होतं आणि पुढची नव्वद पानं दोन पायांच्या माणसाची होती. प्रेमकथेत नायक सतत उठत असतो, धावत असतो, दारात येऊन उभा राहत असतो. आपल्या नकळत त्याचं सगळं प्रेम आपण पायांनी लिहितो. भाषाही तशीच. पाय रोवून उभं राहणं, पावलावर पाऊल टाकणं, पाय न निघणं. सेनापती अरिंजयबद्दल म्हणतो, “तो एका पायावर तयार असेल.” हे वाक्य मी खोडायला निघाले, तर त्यानं हात धरला. म्हणाला, “राहू द्या. पण हे अरिंजय स्वतः म्हणेल. दुसऱ्या कुणाच्या तोंडी नको.”

दुसऱ्या रविवारी त्यानं मला पाय घालून दाखवला. आधी सिलिकॉनचा लायनर उलटा करून त्याचं टोक स्टंपच्या तळाशी टेकवायचं आणि आत हवा न राहू देता वर गुंडाळत न्यायचा. त्यावर मोजा. मग सॉकेटमध्ये स्टंप घालून उभं राहायचं, वजन द्यायचं. लायनरच्या टोकाची खीळ खाली अडकते तसा आवाज येतो: टक, टक, टक. तो आवाज मोजतो. नेहमीपेक्षा एक कमी आला, तर पाय नीट बसलेला नसतो. दिवसभरात स्टंप आकसतो, सॉकेट सैल होतं, मग मोज्यावर मोजा चढवावा लागतो. “सकाळी एक, ऑफिसातून येईपर्यंत तीन,” तो म्हणाला. “तुमचा अरिंजय किती घालतो?”

अरिंजयच्या राज्यात सिलिकॉन नाही. पण सुतार आहेत, चांभार आहेत, लोकर आहे. जयपूर फूटही १९६०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी या शल्यविशारदाइतकाच रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून घडला. त्या पायावर मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं. म्हणून माझ्या कादंबरीतल्या राजवैद्याची अर्धी पानं मी काढून घेतली आणि देवळाच्या मूर्ती घडवणाऱ्या एका म्हाताऱ्याला दिली. काळही बदलावा लागला. माझा नायक अमावास्येला जखमी होऊन पौर्णिमेला घोड्यावर बसत होता. प्रत्यक्षात जखम भरायलाच काही आठवडे लागतात. मग पट्ट्या बांधून सूज उतरवायची, गुडघा आखडू नये म्हणून तो सरळ ठेवायचा, खाली उशी घेऊन आराम करायची सोय नाही. लढाई कोजागिरीवरून उचलून थेट अक्षय्य तृतीयेला नेली. मधल्या महिन्यांत शलाका आणि तो पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. ही प्रकरणं आधीच्या खर्ड्यात नव्हतीच.

एक मोह मात्र अद्भुतकथेतच होतो. आठव्या प्रकरणात मी संजीवनीचं सरोवर लिहून ठेवलं होतं. त्यात बुडी मारली की पाय परत. तो मोह जुनाच आहे, पण ऋग्वेदातल्या अश्विनीकुमारांनीही विश्पलेला तिचा तुटलेला पाय परत दिला नाही. त्यांनी लोखंडाचा पाय बसवला, तोही झटपट, पुन्हा झुंजीत उतरता यावं म्हणून. मला तो देवांचा फार मोठा समंजसपणा वाटतो. आणि आपल्याकडे नाथमाधव आहेत. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळे झाले आणि त्यानंतर लेखनाकडे वळले. १९१३ सालची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी अशा माणसानं लिहिली आहे. ती मी शाळेत वाचली होती. हे कळल्यावर पुन्हा वाचली, आणि ‘धावला’ हा शब्द आला की दर वेळी थांबले.

सरोवर मी आटवलं.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही मेघदूत उपवनात गेलो. तिथं मला समजलं की चढापेक्षा उतार कठीण. खाली जाताना कृत्रिम घोटा हवा तसा वाकत नाही. गवतावर तो नजर खाली ठेवून चालत होता. बागेच्या नावावरून मला कालिदासाचा यक्ष आठवला. विरहात तो झिजला हे सांगायला कवीनं हातातून गळून पडलेलं सोन्याचं कडं तेवढं दाखवलं. आतापर्यंत माझा अरिंजय दर तीन पानांनी स्वतःच्या दुःखावर बोलत होता. घरी येऊन मी ती भाषणं काढली आणि उतार आला की शलाका डावीकडून उजवीकडे जाते, एवढंच ठेवलं. तो काही मागत नाही, ती काही म्हणत नाही.

रात्रीचा प्रसंग मात्र मला जमेना. तो खालच्या मुलाच्या बायकोनं सोडवला. चहाचे कप उचलता उचलता ती म्हणाली, “काकू, पाय काढल्यावर तो कुठे ठेवतो ते लिहा. हाताला लागेल असाच ठेवतात. आणि मी तो कधीच न विचारता हलवत नाही.” मग जरा थांबून, “सुरुवातीला हे रात्री झोपेत विसरून उठायचे. दोनदा पडले.” तो म्हणाला, नसलेल्या पायाचा अंगठा आजही मुरगळल्यासारखा दुखतो, पावसाळ्यात जास्त. या वेदनेचं वर्णन लोकांपुढं ठळकपणे आलं तेही एका कथेतून. सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरनं १८६६ साली निनावी लिहिलेली ती कथा वाचकांना खरीच वाटली. तिच्या शेवटी नायकाचे पाय प्रेतात्म्यांच्या बैठकीत क्षणभर परत येतात! डॉक्टरलाही सरोवराचा मोह आवरला नव्हता.

चौथ्या रविवारच्या आदल्या रात्री पंधरावं प्रकरण पुन्हा लिहिलं. शलाकेची हाक येते. अरिंजय अर्धवट झोपेत आहे, डाव्या अंगठ्यात कळ आहे, म्हणजे पाय आहे असं त्याला वाटतं. तो पलंगाची कड धरतो आणि तिथंच त्याला आठवतं. मग काळोखात हात लांब करून लाकडाचा पाय चाचपतो. दुसरी हाक येते तेव्हा तो अजून लोकरीचा मोजा ओढत असतो. तो ओरडून सांगतो, “येतोय, थांब.” आधीच्या खर्ड्यात त्यानं तिला कधी थांब म्हटलं नव्हतं.

पान सकाळी खाली पाठवलं. तासाभरानं परत आलं. ‘पलंगाची कड’ या शब्दांभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि समासात लिहिलं होतं, “कुठल्या हातानं?”