लाईट गेली, रेकॉर्डिंग सुरू!

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेबारा. कूलरने घरघर करत मान टाकली, पंखा थांबला, शेजारच्या काकूंचा टीव्ही वाक्याच्या मध्येच गप्प झाला. ‘‘गेली का गं लाईट?’’ आई स्वयंपाकघरातून वैतागली. मी मात्र धावत जाऊन पियानोसमोर बसले. याच क्षणाची मी तीन रविवार वाट बघत होते!

‘जालन्यात पियानो?’ तुमच्याही चेहऱ्यावर तेच आलं ना? आमचं गाव ओळखलं जातं ते लोखंडी सळया आणि बियाण्यांसाठी. पण बँकेतल्या पगारातून पैसे साठवून मी पुण्याहून एक जुना अपराईट पियानो आणला. टेम्पोतून, गाद्यांमध्ये गुंडाळून. दोनशे किलोंच्या वरचं हे धूड दारातून आत घेताना चौघांना घाम फुटला. ‘‘एवढ्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही आलं असतं,’’ इति आई.

रेकॉर्डिंगचं खूळ ताईमुळे आलं. ती टोरंटोला असते, तीन वर्षांत घरी आलेली नाही. तिला काहीतरी वाजवून पाठवायचं होतं. आधी मैत्रिणीचा डिजिटल पियानो थेट लॅपटॉपला जोडून एक पीस पाठवला. एकदम क्लीन! ताईचं उत्तर आलं, ‘छान.’ बस्स, एवढंच. खरं सांगू? मलाही तो हॉटेलच्या लिफ्टमधल्या म्युझिकसारखाच वाटला होता.

मग निवडली आर्वो पेर्त या एस्टोनियन संगीतकाराची ‘फ्युर अलिना’. १९७६ ची ही रचना अवघी दोन पानांची. सुरुवातीला खालचा एक खर्ज, तो पेडलवर घुमत राहतो आणि वर दोन सूर लहान घंटांसारखे किणकिणतात. ती ज्या मुलीच्या नावाने लिहिली ती लांब इंग्लंडला गेली होती; मागे राहिलेल्या तिच्या आईला धीर मिळावा म्हणून हे संगीत. आमच्या घरासाठी यापेक्षा चपखल दुसरं काय असणार?

पण वाजवायचं कधी? पप्पा रोलिंग मिलमध्ये नाईट ड्यूटी करतात, रविवारी दुपारपर्यंत झोपतात. रात्री पियानोच्या खोलीत आई झोपते. म्हणजे पप्पांची झोप न मोडता, दिवसाच!

इथे मदतीला आला बर्लिनचा निल्स फ्राम. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पियानोच्या तारांपुढे जाड फेल्ट लावलं आणि माईक आत, तारांना जवळजवळ चिकटवून ठेवले. आवाज हळू झालाच, पण हातोड्यांची हालचाल, लाकडाची करकर, स्वतःचा श्वास, सगळं टिपलं गेलं. त्यातूनच २०११ मध्ये आला त्याचा ‘फेल्ट’ हा अल्बम.

मीही मधलं पेडल दाबलं. बऱ्याच अपराईटमध्ये त्याने फेल्टची पट्टी तारांपुढे उतरते. समोरची फळी काढली, दोन छोटे कंडेन्सर माईक आत वळवले, मागच्या भिंतीवर आजीच्या गोधड्या टांगल्या. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर. झाला स्टुडिओ!

जरा जास्तच उत्साहही केला. अमेरिकन संगीतकार जॉन केज पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून वाजवायला लावायचा. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्याने अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून भारतीय संगीत समजून घेतलं आणि त्याच काळात ४५ स्वर असे ‘सजवून’ एक मोठी रचना लिहिली. म्हटलं, सळयांच्या गावात बोल्टला काय तोटा? पण तो लिहायचा आडव्या ग्रँड पियानोसाठी. माझ्या उभ्या पियानोतून बोल्ट सटकला आणि थेट तळाशी! पप्पांनी मिलमधून लोहचुंबक आणलं आणि एक शब्द न बोलता बोल्ट काढून दिला.

सगळं जमलं, पण मागे कूलरची घूं घूं हटेना. मोठ्या आवाजाच्या संगीतात ती लपते. इथे दोन सुरांमधली शांतताच तर संगीत! सॉफ्टवेअरने ती पुसली तर सुरांची शेपटीही पुसली जाते. म्हणून लाईट जाण्याची वाट बघायची. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर. गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प. असा सन्नाटा पैसे देऊन मिळत नाही.

त्या दुपारी पहिलाच टेक जमला. शेवटचा सूर विरत असताना आतल्या खोलीत पप्पा खोकले आणि आईने ताटली हळूच ओट्यावर ठेवली. अरे देवा! कापून टाकू? माऊस तिथपर्यंत नेलाही. मग तसंच पाठवून दिलं.

रात्री ताईचा फोन. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘पप्पांचा खोकला अजून तसाच आहे गं? डॉक्टरकडे नेलं का?’’ दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि पप्पांना घेऊन गेले. दिवाळीचं तिकीट बघतेय म्हणाली आहे. बघू!

तुम्हालाही करून बघायचंय?
• मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, पंखा बंद.
• सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.
• शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत हात हलवू नका.
• हयात संगीतकारांची रचना जाहीरपणे प्रसिद्ध करायची तर परवानगी घ्या. ताईला पाठवायला नको!

आणि पुढच्या वेळी लाईट गेली की चिडण्याआधी दोन मिनिटं गप्प बसा. घर काय म्हणतंय ते ऐका.