थांबणे आणि अडणे : पाळीव घोयऱ्याच्या मादीची अंडी

गाभण जनावराच्या संबंधात मराठीत ‘अडणे’ हे क्रियापद एका विशिष्ट अर्थाने योजले जाते. दिवस भरूनही गाय वीत नसेल, तर ती ‘अडली’ असे म्हणतात. ‘थांबली’ असे म्हणत नाहीत. थांबण्यात थांबणाऱ्याची काही इच्छा असते. अडण्यात ती उरत नाही. पाळीव घोयऱ्याच्या मादीला सुखरूप अंडी कशी घालू द्यावीत, या प्रश्नाचा विचार करताना हा अर्थभेद विशेष उपयोगी पडतो.

घोयरा म्हणजे कुंपणावरचा नेहमीचा सरडा नव्हे. सुटे फिरणारे डोळे, गुंडाळता येणारी शेपटी आणि चिमट्यासारखी पावले असलेला हा वृक्षवासी प्राणी आहे. भारतीय घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असल्याने तो पाळता येत नाही. म्हणून प्रस्तुत विवेचन युरोप-अमेरिकेत हौसेने पाळल्या जाणाऱ्या येमेनी घोयऱ्यापुरते मर्यादित आहे. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग ही त्याची मूळ भूमी होय.

या जातीची मादी नराशी संयोग न होताही अंडी घालते. अर्थात ती निर्जीव असतात. एकट्या मादीच्या पालकाला या प्रश्नाशी कर्तव्य नाही, हा समज म्हणूनच घातक ठरतो. एका वेळी २० ते ७०, क्वचित त्याहूनही अधिक अंडी पडतात. भरपूर खाद्य आणि अधिक उष्णता मिळाल्यास ही संख्या वाढते व मादीच्या शरीरावरील भारही वाढतो. अंड्यांच्या कवचासाठी, तसेच अंडनलिकेच्या स्नायूंच्या आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ते अन्नातून शोषले जावे म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व आणि ते त्वचेत निर्माण करणारे अतिनील किरण यांची तजवीज आधीपासूनच हवी.

गाभण मादीचा रंग गडद होऊन त्यावर निळे-पिवळे ठिपके उमटतात. तथापि हा रंग नराला उद्देशून असतो. ‘जवळ येऊ नकोस’ एवढाच त्याचा आशय. अंडी कधी पडतील, हे त्यावरून ठरविता येत नाही. त्यासाठी तिच्या वर्तनाकडेच पाहावे लागते. एरवी फांदी न सोडणारी मादी अस्वस्थपणे पिंजऱ्याच्या तळाशी उतरू लागते, अन्न टाकते आणि कोपरे उकरते. ती जागा शोधत असते, आणि मनाजोगी जागा मिळेपर्यंत ती थांबते.

या थांबण्याच्या अवस्थेतच पालकाचे साहाय्य खरे फलदायी असते. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच खोल वाळू मावेल अशी कुंडी किंवा डबा पिंजऱ्यात ठेवावा. धुतलेली वाळू, किंवा वाळू व माती यांचे मिश्रण, दमट करून त्यात भरावे. मुठीत दाबल्यास त्याचा गोळा टिकावा, पण बोटांतून पाणी गळू नये. बोटाने पाडलेले भोक ढासळत नसेल, तर मादीचे बीळही टिकेल. ही सोय मादी प्रौढ होताच कायमची करून ठेवणे श्रेयस्कर.

यानंतरचे साहाय्य म्हणजे दूर राहणे. बीळ खणताना कोणी पाहत आहे असे दिसल्यास मादी काम अर्धवट सोडते. म्हणून पिंजऱ्याचा खालचा भाग कापडाने झाकावा, आणि पाहणे अपरिहार्यच असेल तर लहानशा फटीतून पाहावे. खणणे कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही चालते. शेवटी ती बीळ बुजवून वरची माती दाबून टाकते. ते पूर्ण होईपर्यंत तिला उचलू नये.

मात्र दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे, पकड सैल पडणे, किंवा खणून खणून थकल्यावरही अंडी न पडणे ही अडल्याची लक्षणे होत. कॅल्शियमची वा पाण्याची उणीव, वेडेवाकडे अंडे, कोवळे वय, तसेच योग्य जागेचा अभाव ही त्याची कारणे. अशा वेळी पोट दाबून पाहणे प्राणघातक ठरू शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे तिला विनाविलंब न्यावे. क्ष-किरण चित्रावरून औषध द्यावे की शस्त्रक्रिया करावी, हे तो ठरवितो.

अंडी घातल्यानंतर मादी कृश दिसते. तिला पाणी व कॅल्शियमयुक्त खाद्य प्रथम द्यावे. अंड्यांची व्यवस्था त्यानंतर. संयोग झालेला असल्यास अंडी न उलटता, जशी सापडली तशीच, दमट व उबदार जागी ठेवावीत. पिले बाहेर येण्यास साधारणतः ६ ते ९ महिने लागतात.

अडलेल्या मादीला सोडविणे हे वैद्याचे काम. थांबलेली मादी अडू न देणे हे पालकाचे. त्याला लागणारी सामग्री म्हणजे हातभर दमट वाळू, एक कापड आणि न पाहण्याइतका संयम. यांतील संयमाचाच बहुधा तुटवडा असतो.