आप्पांची फियाट

"अगं, भंगारवाला दारात उभा आहे. अठरा हजार म्हणतोय. देऊन टाकू का आप्पांची गाडी?"

२०२१च्या गणपतीतली गोष्ट. मी मोदकाचं सारण हलवत होते. हातातला उलथणा तसाच ठेवून दादाला फोनवर म्हटलं, "थांब. मला हवी आहे ती." पलीकडे दोन क्षण शांतता, मग हसू. "तू काय करणार तिचं? तुळस लावणार?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी, घर सांभाळून बचत गटांचं काम करणारी. गाडीतलं मला फक्त चालवणं येत होतं. पण ती गाडी वितळवलेली मला चालणार नव्हती.

आप्पा करमाळा तालुक्यात डॉक्टर होते. १९६८ची ही फियाट ११०० डिलाइट त्यांनी जुनीच विकत घेतली होती. पुढे १९७४पासून जी 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून घराघरांत माहीत झाली, तिचीच ही थोरली बहीण. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, हे आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे बाकासारखी सलग सीट. आम्ही भावंडं आणि आईआप्पा त्या एका सीटवर बसून तुळजापूरला जात असू.

पण ती सहलीची गाडी नव्हतीच. आपल्याकडे १०८ची रुग्णवाहिका आली २०१४मध्ये. त्याआधी आडलेली बाळंतीण बार्शीला किंवा सोलापूरला न्यायची तर बैलगाडी, जीप, नाहीतर डॉक्टरांची गाडी. मी चौथीत असताना एका रात्री एक बाई रस्त्यातच, मागच्या सीटवर बाळंत झाली. पहाटे आई फिनेलच्या पाण्याने सीट पुसत होती आणि आप्पा डाव्या दाराचं आतलं हँडल बघत होते. कळांच्या भरात त्या बाईने ते धरून पार वाकवलं होतं. आप्पांनी ते कधीच बदललं नाही.

सही एकाच कागदावर

दादाने गाडी द्यायची कबूल केली, पण सोबत दोन कागद पाठवले. एक आरटीओचा. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, बाकी वारसांची संमती लागते. दुसरा होता हक्कसोडपत्राचा मसुदा. घर आणि शेतीवरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडते, असा.

गटातल्या बायकांना मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे की वाचल्याशिवाय सही करू नका. १९५६च्या कायद्याने मुलगी वडिलांच्या मालमत्तेची वारस आहेच. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतकाच हक्क आहे. आता पाळी माझ्यावर आली. रात्रभर झोप नाही. भाऊ दुखावेल, माहेर तुटेल, हीच भीती. शेवटी मी गाडीच्या कागदावर सही केली आणि दुसरा कागद तसाच परत पाठवला. दादाने गाडी दिली, पण बोलणं सोडलं. पुढच्या दोन्ही राख्या मी पोस्टाने पाठवल्या.

दिवाळीनंतर गाडी टेम्पोत चढून पंढरपूरला, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. तिच्या डिकीत उंदराचं घर होतं.

श्रीखंडाचे डबे

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्रीचाचा आमच्याच गल्लीत राहतात. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाले, "ताई, जीव आहे. पण वेळ लागंल. आन् घाई केली तर बोल्ट मोडतो."

पहिला धडा स्वयंपाकघरातलाच होता. काहीही खोलायच्या आधी फोटो काढायचा. निघालेले नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचे, वर चिकटपट्टी लावून लिहायचं, 'डावं पुढचं चाक', 'कार्बोरेटर', 'डायनॅमो'. पापड-सांडग्यांचे डबे ओळीने लावणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

इंजिन जाम होतं. चाचांनी चारही प्लग काढून भोकांतून थोडं ऑइल सोडलं आणि आठवडाभर हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी पाना लावून अलगद फिरवलं तेव्हा ते इंचभर हललं. त्या रात्री मी शिरा केला.

मग माझी घाई नडली. सायलेन्सरच्या बाजूचा एक गंजका बोल्ट मी जोर लावून फिरवला आणि तो मुळातून मोडला. तो ड्रिल करून काढायला चाचांचे दोन दिवस गेले. ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतर गंजलेल्या प्रत्येक बोल्टला मी आदल्या रात्रीच डिझेल पाजून ठेवू लागले.

या गाडीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच्याच पत्र्यावर असतो. म्हणून तळाचा सडलेला पत्रा वरून लांबी भरून झाकायचा नाही, कापून नवा जोडायचा, हे चाचांनी डेंटरला बजावलं. पेट्रोलची टाकी गंजलेली होती. तिला घरी डाग लावायचा नाही, रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीने ती फुटते. ती जाणत्या रेडिएटरवाल्याकडेच दिली. ब्रेकचे ड्रम उघडताना तोंडाला फडकं आणि धूळ ओल्या कापडाने पुसायची, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने खराब होतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या घातल्या. काही सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, काही कुर्ल्यात.

हळदीकुंकवाला गेले तर नखांत ग्रीस. एक काकू म्हणाल्या, "अगं, हात बघ जरा." मी म्हटलं, "निघत नाही हो, डाळीच्या पिठानेसुद्धा." बायका हसल्या. पण त्यातल्याच दोघी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गाडी बघायला आल्या आणि त्यांनी पाना हातात धरून पाहिला.

आमचे 'हे' सुरुवातीला खर्चाच्या वहीकडे बघून उसासे टाकत. तेही बरोबरच होतं. पत्राकाम आणि रंग सत्तर हजार, इंजिन बेचाळीस, ब्रेक-टायर-बॅटरी अडतीस, सीट आणि वायरिंग पंचवीस. पावणेदोन लाख झाले. माझी पोस्टातली आरडी त्यात गेली. पण ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडून-मिटून ऑइल बाटलीत सोडायचं. हे पेडल मारत, मी चाकापाशी पाना घेऊन बसलेली. "दाबा… धरा… सोडा." लग्नाला बावीस वर्षं झाली, पण इतकं निमूट माझं कधी ऐकलं नव्हतं!

हँडल तेवढं राहू द्या

सीटचं काम करायला आलेल्या कारागिराने वाकडं हँडल काढून नवं चकचकीत बसवायला घेतलं. मी धावत गेले. तो म्हणाला, "बाई, सगळी गाडी नवी आणि एवढंच वाकडं? लोक मला नावं ठेवतील." मी म्हटलं, "ठेवू देत. ते तसंच राहील."

गाडी चालू झाली २०२३च्या ऑक्टोबरमध्ये. त्याच महिन्यात, ३० तारखेपासून, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी वयोमर्यादेमुळे कायमच्या बंद झाल्या. पेपरात बातमी वाचताना शेडमधून आमच्या इंजिनाचा आवाज येत होता.

पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी सरकारने २०२१मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला आहे. गाडी मूळ रूपात हवी, इंजिन-बॉडीत मोठे बदल नकोत. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीलाच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. मला तर ती भाजी आणायला न्यायची होती. म्हणून मी पर्यावरण कर भरून नेहमीचं पासिंगच करून घेतलं. ज्यांना गाडी जपून ठेवायची आहे, त्यांनी व्हिंटेजचा विचार जरूर करावा.

त्या वर्षी भाऊबीजेला मी स्वतः गाडी चालवत करमाळ्याला गेले. कळवलं नव्हतं. शेजारी हे, मागे मुलगी. दादा आवाज ऐकूनच बाहेर आला. काही न बोलता गाडीभोवती फिरला. मागचं दार उघडून हँडलवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. मग आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. चाकावरची व्हीलकॅप! टेम्पोत गाडी चढली तेव्हा तीनच होत्या. चौथी मी कुठे कुठे शोधली होती. ती त्याने आप्पांची आठवण म्हणून कपाटात ठेवली होती.

"ही राहिली होती," एवढंच म्हणाला. स्वतः बसून, तळहाताने ठोकून बसवली. मग मी त्याला ओवाळलं.

वाट्याचं बोलणं अजून संपलेलं नाही. पण आता आम्ही समोरासमोर बसून बोलतो, आणि कागद वहिनीही वाचते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही अशी एखादी गाडी, शिवणयंत्र, रेडिओ धूळ खात असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा. कागदपत्रं वेळेत नावावर करून घ्या, खोलताना फोटो काढा, जाणत्या माणसाला विचारायला लाजू नका. आणि सगळं नवं करताना काय जुनंच ठेवायचं, ते मात्र आधी ठरवा.